जिभेची गाठ : भाषेतला आणि पडद्यावरचा तोतरा माणूस

मराठीत 'त-त-प-प होणे' असा एक वाक्प्रचार आहे. चोरी पकडली गेली, खोटे उघडे पडले, साहेबांनी जाब विचारला की माणसाचे 'त-त-प-प' होते. त्याच्याच शेजारी 'बोबडी वळणे' आहे. भूत दिसले, वाघ समोर आला की बोबडी वळते. ज्याला बोलता येते त्याच्या कौतुकासाठी 'बोलणाऱ्याची बोरे विकली जातात' ही म्हण आहेच. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, पण मराठीचे काही तासही माझ्याकडे असतात. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना घालतो. 'त-त-प-प होणे'चा अर्थ फळ्यावर लिहिताना मात्र खडू थोडा थांबतो. अर्थ असा लिहायचा असतो : घाबरल्यामुळे किंवा अपराधी वाटल्यामुळे अडखळत बोलणे. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. मी कसलीही चोरी केलेली नाही.

मराठी साहित्यात मुस्लिम माणूस कसा रंगवला जातो, याची चर्चा आपल्या संमेलनांतून आणि वार्षिकांतून पुष्कळ झाली आहे. तो एक तर खलनायक असतो, नाही तर नायकासाठी जीव देणारा भला मित्र. त्याने तोंड उघडण्यापूर्वीच वाचकाचे त्याच्याविषयी मत झालेले असते, ही आपली तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तीच कसोटी मला तोतऱ्या पात्रांना लावून पाहायची आहे. हा विषय साहित्याच्या परिघाबाहेरचा वाटेल. पण एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली, तिचे मूळ शोधू लागलो तेव्हा मी भाषेपाशी आणि गोष्टींपाशीच येऊन पोहोचलो. ती चूक शेवटी सांगतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठीत 'बोबडा' आणि 'तोतरा' हे दोन वेगळे शब्द आहेत, तरी बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. ज्याला एखादे अक्षर उच्चारता येत नाही आणि जो त्याच्या जागी दुसरेच अक्षर घालतो, तो बोबडा. ज्याला सगळी अक्षरे येतात, पण ऐन वेळी शब्द घशात किंवा ओठांवर अडतो, तो तोतरा. उर्दूत बोबड्याला 'तोतला' म्हणतात आणि तोतऱ्याला 'हकला'. म्हणजे मराठीतला तोतरा आणि उर्दूतला तोतला ही वेगळी माणसे आहेत. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आमच्या मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो. सभ्य उर्दूत 'लुकनत' असाही एक शब्द आहे. त्यात चेष्टा नाही, म्हणूनच बहुधा तो कुणी वापरत नाही.

आता वस्तुस्थिती. तोतरेपणा बहुतेक वेळा २ ते ५ वर्षांच्या वयात, मूल वाक्ये जुळवू लागते तेव्हा सुरू होतो. बरीचशी मुले पुढे आपोआप त्यातून बाहेर येतात. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला तो राहतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक. तो कुटुंबात चालत येऊ शकतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरुवात करून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदल दाखवून दिले. मेंदू आणि बोलण्याचे स्नायू यांच्या जुळणीत कुठेतरी वेळेची चूक होते, असे आज मानले जाते. भीतीने तो वाढतो हे खरे, पण भीतीतून तो जन्माला येत नाही. भाषेने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. आम्ही घाबरतो म्हणून अडखळत नाही. आयुष्यभर अडखळल्यामुळे घाबरू लागतो.

ज्याने हे भोगलेले नाही त्याला वाटते की हा जिभेचा प्रश्न आहे. खरे तर तो सगळ्या शरीराचा असतो. शब्द अडला की छातीत श्वास कोंडतो, जबडा आवळतो, मानेच्या शिरा ताठ होतात, डोळे आपोआप मिटतात. कुणी मांडीवर थाप मारतो, कुणी पाय आपटतो, कारण कधीतरी तसे केल्यावर शब्द सुटलेला असतो. पाच तास शिकवून घरी आलो की माझे खांदे गोणी वाहिल्यासारखे दुखतात. आणि हा दिसणारा भाग झाला. जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती : वर दिसते ते थोडे, पाण्याखाली लाज, भीती आणि लपवाछपवी. लपवाछपवीचे एकच उदाहरण देतो. कॉलेजात असताना कर्जत स्टेशनच्या खिडकीवर मला 'कल्याण' म्हणता येत नसे. मागे रांग, समोर बाबूजी, आणि 'क' काही केल्या सुटत नाही. मग मी 'ठाणे' म्हणून टाकी आणि कल्याणला उतरे. किती वेळा जास्तीचे पैसे भरले, याचा हिशेब ठेवला नाही. आता मोबाइलवर तिकीट निघते, त्यामुळे खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही. पण दिवसभर मनातल्या मनात शब्द बदलत राहण्याची सवय गेलेली नाही. समोरच्याला माझे वाक्य थोडे वेडेवाकडे वाटते. ते सरळ का नाही, हे त्याला ठाऊक नसते.

इलाज पुष्कळ झाले. दादी वेखंड उगाळून मधातून चाटवी. दम केलेले पाणी झाले, गळ्यात ताईत झाला. ग्रीक वक्ता डेमॉस्थिनिस तोंडात खडे धरून बोलायचा सराव करी, अशी कथा कुणीतरी सांगितल्यावर उल्हास नदीच्या काठी जाऊन मी तोही प्रयोग केला. खडे थुंकले, बोलणे तसेच राहिले. पुढे बी.एड.च्या एका सराव पाठानंतर निरीक्षकांनी वहीत शेरा लिहिला : विषयज्ञान चांगले, आत्मविश्वासाचा अभाव. तीस मुलांसमोर अडखळत पस्तीस मिनिटे उभे राहायला किती आत्मविश्वास लागतो, हे त्या शेऱ्यात कुठे मावणार? पण त्या गृहस्थांना दोष देत नाही. ते 'त-त-प-प'चा अर्थच लिहीत होते.

हा अर्थ पडद्याने घराघरांत पोहोचवला. यश चोप्रांचा 'डर' १९९३ साली आला. शाहरुख खानने त्यात रंगवलेला राहुल एका मुलीच्या वेडाने पछाडलेला आहे आणि तिचे नाव घेताना तो अडखळतो. नटाचे काम प्रभावी आहे, यात वाद नाही. पण चित्रपटात ते अडखळणे कशाची खूण म्हणून येते? मनातल्या विकृतीची. प्रेक्षकाला धोक्याची सूचना देणारी घंटाच जणू. मी शाळेत गेलो तोवर ती नक्कल गल्लीतल्या प्रत्येक पोराला येत होती. माझ्या वर्गात 'क'ने सुरू होणारा कुठलाही शब्द मला सुखाने म्हणता आला नाही, त्यात या चित्रपटाचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात नट एकच आहे. श्रेयस तळपदे या आपल्या मराठी नटाने २००५ साली नागेश कुकुनूर यांच्या 'इक्बाल'मध्ये मूकबधिर मुस्लिम मुलाचे काम केले. शेतकऱ्याचा हा पोर वेगवान गोलंदाज होण्याचे स्वप्न पाहतो आणि त्याची धाकटी बहीण खदिजा त्याच्या खुणांना शब्द देते. चित्रपट इक्बालकडे आदराने पाहतो. त्याच नटाने २०१० साली 'गोलमाल ३'मध्ये तोतऱ्या लक्ष्मणचे काम केले. तिथे त्याचे अडणे हे हशा वसूल करण्याचे साधन आहे. एकाच नटाला दोन वागणुका का? मला असे वाटते की पूर्ण मौनाला आपण मान देतो, कारण त्यात ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. तोतरा माणूस मात्र ऐकणाऱ्याचा वेळ मागतो. तो बोलतो आहे, पण तुमच्या घड्याळाप्रमाणे बोलत नाही. हा वेळ द्यावा लागू नये म्हणून आपण हसतो.

विशाल भारद्वाज यांच्या 'कमीने'ला (२००९) मी या दोहोंपेक्षा वेगळे मानतो. शाहिद कपूरने त्यात जुळे भाऊ रंगवले आहेत. चार्ली 'स'चा 'फ' करतो, म्हणजे बोबडा, आणि गुड्डू तोतरा. फरक बरोबर पाळणारा हा विरळा चित्रपट. गुड्डू एड्सविषयी जागृतीचे काम करतो, प्रेम करतो, लग्न करतो. स्वीटी या मराठी मुलीचे त्याच्यावर प्रेम आहे ते त्याच्या तोतरेपणावर दया म्हणून नाही आणि तो असूनही नाही. विनोद इथेही आहेच. पण गुड्डूला स्वतःचा राग आहे, इच्छा आहे, चुका आहेत. तोतरेपण ही त्याच्याविषयीची एक गोष्ट आहे, एकुलती एक गोष्ट नाही. आपण मुस्लिम पात्राविषयी हेच मागत आलो आहोत ना?

त्याच २०१० साली इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजावरचा 'द किंग्ज स्पीच' आला. त्याचे लेखक डेव्हिड सायडलर स्वतः लहानपणी तोतरे होते आणि ते जागोजागी जाणवते. शब्द येण्याआधीची ती भयाण शांतता एवढा वेळ पडद्यावर धरून ठेवण्याचे धाडस बाहेरच्या माणसाला झाले नसते. राजाने ३ सप्टेंबर १९३९ रोजी केलेल्या युद्धाच्या भाषणापाशी चित्रपट संपतो. भाषणानंतर वाचा-शिक्षक लोग त्याला सांगतो की एका अक्षरावर तुम्ही अजून अडखळता. राजा म्हणतो, लोकांना मीच बोलतो आहे हे कळायला नको का? मला हा सगळ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. १९५७ साली केरळचे पहिले मुख्यमंत्री झालेले ई. एम. एस. नंबुद्रीपाद तोतरे बोलत. तुम्ही नेहमीच अडखळता का, असे कुणी विचारल्यावर 'नाही, फक्त बोलताना' असे ते म्हणाल्याचे सांगतात. या दोन्ही ठिकाणी हसणारा तोतरा माणूस आहे. हसू कुणाच्या ताब्यात आहे, यावर विनोदाची जात ठरते.

'त-त-प-प'चा अर्थ किती महाग पडू शकतो, हे हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन लेखकाच्या 'बिली बड'मध्ये दिसते. ही दीर्घकथा त्याच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाली. बिली हा युद्धनौकेवरचा निरागस खलाशी. एक अधिकारी कप्तानासमोर त्याच्यावर बंडाच्या कटाचा खोटा आरोप करतो. बिलीला 'हे खोटे आहे' एवढेच म्हणायचे आहे. ते सुटत नाही. कप्तान भला माणूस आहे. तो बिलीच्या खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो की घाई नाही, सावकाश बोल. त्या मायेच्या शब्दांनी बिली अधिकच धडपडतो आणि जिभेतून न आलेले उत्तर हातातून येते. त्या एका ठोशाने अधिकारी मरतो आणि बिलीला फाशी होते. 'सावकाश बोल, श्वास घे, घाबरू नकोस' हे आम्ही शिक्षक रोज म्हणतो. मेल्व्हिलने दाखवले आहे की ही ममता ऐकणाऱ्याच्या सोयीची असते. ज्याला ती दिली जाते त्याच्यासाठी तो आणखी एक हुकूम ठरतो.

आता ज्या कथेकडे माझी नजर सर्वांत उशिरा गेली, ती सांगतो. परीक्षेआधी किंवा भाषणस्पर्धेआधी आमच्याकडची मुले एक दुआ म्हणतात. छाती खुली कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल, असा तिचा आशय. ती सूरह ताहामधली हजरत मूसा यांची दुआ आहे. शेकडो वेळा म्हटली, पण ती जीभ अडणाऱ्या माणसाची दुआ आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मूसांना फिरऔनच्या दरबारात जाऊन बोलायचे आहे. ते सांगतात, माझी जीभ चालत नाही, माझा भाऊ हारून अधिक स्पष्ट बोलतो, त्याला माझ्या सोबतीला दे. धर्माचा भाग विद्वानांवर सोपवून मी इथे केवळ कथेची रचना पाहतो. पहिली गोष्ट अशी की मागणे मोजके आहे. इब्न कसीर या भाष्यकारांनी म्हटले आहे की मूसांनी गाठ पुरती नाहीशी करण्याची मागणी केली नाही, लोकांना समजेल एवढीच ती सैल व्हावी असे मागितले. दुसरी गोष्ट हारूनची. तो सोबत येतो, पण मूसांची जागा घेत नाही. आमच्या कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात. ती ढकलतात, पुढचे इंजिन काढून घेत नाहीत. तसा हा भाऊ. तिसरी गोष्ट सूरह जुखरुफमधली. या माणसाला धड स्पष्ट बोलताही येत नाही, असे हिणवणारा तिथे कोण आहे? फिरऔन. तोतरेपणाची टर उडवण्याचे काम कथेने जुलमी राजाकडे सोपवले आहे. आणि ज्याची जीभ अडत होती, त्याला परंपरेने 'कलीमुल्लाह', म्हणजे ईश्वराशी बोललेला, ही पदवी दिली.

याला जोडून एक हदीस आहे. कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, असे ती सांगते. सहीह मुस्लिममध्ये तिथे अडखळण्यासाठी जे अरबी क्रियापद आहे, त्यात 'त-अ-त-अ' हाच आवाज आहे. मराठीने 'त-त'चा अर्थ अपराध केला, तिथे त्याच आवाजाला दुप्पट दाम मिळाला. शब्द कुठल्या गोष्टीत बसतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

एवढे वाचलेल्या माणसाने काय केले ते आता सांगतो. ११ नोव्हेंबरला, मौलाना आझादांच्या जन्मदिनी, आमच्याकडे तकरीरी मुकाबला असतो. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने नाव दिले होते. तो माझ्यासारखाच आहे, कदाचित थोडा जास्त. हजेरीला 'हाजिर'चा 'ह' त्याला सापडत नाही, म्हणून तो नुसता हात वर करतो. वर्गाबरोबर एका सुरात पाढे किंवा नज्म म्हणताना मात्र तो कुठेच अडत नाही. तोतऱ्या माणसांच्या बाबतीत हे जगभर दिसते. सगळ्या शाळेसमोर त्याचे हसे होऊ नये म्हणून मी यादीतून त्याचे नाव गाळले. त्याने विचारले नाही. स्पर्धेच्या दिवशी त्याला मी सतरंज्या घालायच्या कामाला लावले आणि त्याने त्या नीट घातल्या. मीही शाळेत असताना प्रत्येक स्पर्धेला सतरंज्या घातल्या होत्या, हे रात्री आठवले. मी त्याला हशापासून वाचवले नव्हते. मला माझे बालपण पुन्हा बघायचे नव्हते, एवढेच.

उपाय नाहीत असे नाही. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. नायर रुग्णालयात वाचोपचार विभाग आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तोतऱ्या माणसांचे स्वमदत गट उभे राहिले आहेत. अडणे लपवण्याऐवजी ते उघडपणे, ताण न घेता अडू द्यावे, हा चार्ल्स व्हॅन रायपर या स्वतः तोतऱ्या असलेल्या तज्ज्ञाचा मार्ग तिथे उपयोगी पडतो. मला त्याने पुष्कळ हलके केले. पण दहिवलीहून वांद्र्याला जायचे म्हणजे लोकलचे दोन तास, दादरला गाडी बदलणे आणि आईचा एका दिवसाचा रोज बुडणे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोषाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्वरयंत्र काढून टाकण्याचा आणि मेंदूच्या आजाराने वाचा जाण्याचा उल्लेख आहे, तोतरेपणाचे नाव नाही. तेव्हा बहुतेक मुलांना मिळणारा पहिला आणि शेवटचा इलाज म्हणजे त्यांचा वर्ग.

म्हणून समीक्षकाची नजर मी आमच्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर वळवली. तिच्यात आशय, उच्चार आणि ओघ असे तीन रकाने होते. 'ओघ' पाहिला आणि फळ्यावरचा वाक्प्रचार आठवला. या वर्षी सहकाऱ्यांशी बोलून तो रकाना काढला आणि त्या जागी 'लोकांना समजले का?' असे लिहिले. मूसांनी तेवढेच मागितले होते. वर्गालाही एके दिवशी सांगून टाकले की तुमचे सर हकले आहेत. मुले हसली नाहीत. त्यांना ते आधीपासून ठाऊक होते. ते लपून राहिले आहे असे समजणारा वर्गात मी एकटाच होतो.

त्या मुलाचे नाव यंदा यादीत आहे. तीन मिनिटांची घंटी त्याच्यासाठी वाजणार नाही. तो सराव करतो तेव्हा मी समोर बसतो. शब्द अडला की माझे ओठ आपोआप हलू लागतात आणि त्याचा शब्द पुरा करायला धावतात. त्याने ते पाहिले की तो थांबतो. सध्या तो तकरीर पाठ करतो आहे आणि मी ओठ मिटून बसायला शिकतो आहे. त्याची तयारी माझ्यापेक्षा बरी चालली आहे.